खेळणा किल्ल्याचा हिशेब

‘अमेरिका आता संपली’ असा मेसेज आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर महिन्यातून एकदा तरी येतो. त्याच्याखाली लगेच दुसरा पडतो, की अमेरिकेला अजून शंभर वर्षे कोणी हात लावू शकत नाही. दोन्ही बाजूंचे लोक हिरिरीने भांडतात आणि संध्याकाळी एकाच मोटारसायकलवरून मलकापूरला जातात. मी उर्दू आणि मराठी शिकवते, इतिहास माझा विषय नाही. पण हा प्रश्न आला की मला वॉशिंग्टन किंवा बीजिंग आठवत नाही. आमच्याच शाहूवाडी तालुक्यातला विशाळगड आठवतो. आपल्या काळातल्या जगातल्या सर्वांत श्रीमंत सत्तांपैकी एक सत्ता इथे स्वतःच्या पायांनी चालत आली होती, जिंकली होती, आणि जिंकून परत जाताना आमच्या ओढ्यांत बुडाली होती.

विशाळगडाचे जुने नाव खेळणा. शिवाजी महाराजांनी 1659 मध्ये तो घेतला आणि विशाळगड हे नाव दिले. सह्याद्रीच्या ऐन माथ्यावर, खाली कोकण, वर घाट, चारी बाजूंना जंगल. पावसाचे सांगायचे तर आंब्याच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना सांगायला नको आणि बाहेरच्यांना सांगून पटायचे नाही. जूनमध्ये सुरू झालेला पाऊस तरणा आणि म्हातारा पाऊस संपेपर्यंत डोके वर काढू देत नाही.

मुघलांच्या आधीही एका मोठ्या सत्तेला या डोंगराने धडा दिला होता. 1453 मध्ये बहमनी सुलतानाचा सरदार मलिक-उत-तुज्जार खलफ हसन मोठी फौज घेऊन खेळण्यावर निघाला. वाट दाखवतो म्हणणाऱ्या शिर्क्यांनी त्याला दाट जंगलात नेले आणि तिथे सरदारासकट फौज कापली गेली. त्यानंतर साधारण सतरा वर्षांनी महमूद गवान आला. हा माणूस मला फार आवडतो. गिलानहून व्यापारासाठी आलेला, पुढे वजीर झालेला, बीदरला मदरसा बांधणारा. त्याने घाई केली नाही. पावसाळा जवळ आल्यावर वाटांवर पहारे बसवून तो सरळ कोल्हापुराला आला, फौजेसाठी गवताची छपरे उभारली आणि पाऊस संपेपर्यंत बसून राहिला. मग परत येऊन थोडे लढून, थोडे पैसे वाटून किल्ला घेतला, आणि 1472 मध्ये गोवाही घेतला. अशा माणसाचे पुढे काय झाले? दरबारातल्या गटबाजीत एक खोटे पत्र पुढे आले आणि 1481 मध्ये सुलतानानेच त्याचे डोके उडवले. त्यानंतर बहमनी राज्याचे पाच तुकडे व्हायला फार वर्षे लागली नाहीत.

आता मुघलांकडे येऊ. अँगस मॅडिसन नावाच्या अर्थतज्ज्ञाने जुन्या काळच्या उत्पन्नांचे अंदाज बांधले आहेत. त्यांच्या हिशेबाने 1700 मध्ये जगाच्या एकूण उत्पन्नात हिंदुस्थानचा वाटा सुमारे 24 टक्के होता. तेव्हा हिंदुस्थानचा बहुतेक भाग औरंगजेबाच्या अमलाखाली होता. 1686 मध्ये विजापूर पडले, 1687 मध्ये गोवळकोंडा, 1689 मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली. त्याच सुमारास ईस्ट इंडिया कंपनीने मुघलांशी लढाई उकरून काढली होती. ती हरली आणि 1690 मध्ये दीड लाख रुपये दंड भरून तिने बादशहाची माफी मागितली. काबूलपासून तामिळ मुलखापर्यंत एवढी मोठी सत्ता हिंदुस्थानात त्याआधी क्वचितच झाली असेल. त्या दिवशी कोणी ‘मुघल संपले’ असा मेसेज टाकला असता तर लोक हसले असते.

राहिले होते फक्त हे डोंगर. मार्च 1700 मध्ये राजाराम महाराज वारले आणि पंचविशीतल्या ताराबाईंनी कारभार हाती घेतला. बादशहाने ठरवले की मराठ्यांचे किल्ले एकेक करून आपणच घ्यायचे. 1700 मध्ये सातारा, मे 1701 मध्ये पन्हाळा. मग खेळणा. तेव्हा त्याचे वय ऐंशीच्या पुढे गेलेले.

फौज मलकापूरला आली आणि थांबली, कारण पुढे आंबा घाट होता आणि तोफा, हत्ती, खजिना, जनाना, बाजार एवढे सगळे नेईल अशी वाट नव्हती. फतेहुल्ला खान नावाचा सरदार होता. त्याने बेलदार, पाथरवट लावून आठवडाभरात वाट करून घेतली. आज रत्नागिरीच्या रस्त्याने ट्रक घाट उतरतात तेव्हा त्या अनाम पाथरवटांची आठवण निदान मला तरी होते. जानेवारी 1702 मध्ये बादशहा किल्ल्यासमोर पोचला. वेढ्याचे काम डिसेंबरपासूनच सुरू झाले होते. एका बाजूला फतेहुल्ला, कोकणाच्या बाजूला बादशहाचा नातू बेदारबख्त, आणि बेदारबख्ताबरोबर आंबेरचा राजा जयसिंह. तोच पुढे जयपूर वसवणारा सवाई जयसिंह. खेळण्याच्या वेढ्यात तो तेरा वर्षांचा पोरगा होता, म्हणजे आमच्या आठवीतल्या मुलाएवढा.

किल्ल्यावर परशुराम त्र्यंबक होते. पाच-सहा महिने झुंज झाली. एप्रिलअखेर कोकण दरवाजाकडची बाजू मुघलांच्या हाती लागली, पण किल्ला पडेना. आणि मग तेच झाले जे बहुतेक किल्ल्यांचे झाले. किल्ला विकत घेतला गेला. बेदारबख्ताकडून दोन लाख रुपये ठरले, 4 जूनला शहजाद्याचे निशाण वर चढले आणि 7 जूनच्या रात्री मराठे किल्ला सोडून निघून गेले. ताजे दमाचे, हत्यारांसकट, पैसे घेऊन.

जरा हिशेब मांडू. इंग्रज कंपनीने गुडघे टेकून दंड भरला दीड लाख. आमच्या तालुक्यातल्या एका किल्ल्यासाठी बादशहाने मोजले दोन लाख. त्यात सहा महिन्यांचा फौजेचा खर्च धरलेलाच नाही.

बादशहाने किल्ल्याला नवे नाव दिले, सख्खरलना. हे शब्द वाचल्यावर कोणतेही मुसलमान मूल थबकेल, कारण ते सवारीच्या दुआतले आहेत. एसटीत चढल्यावर आई पुटपुटते तीच दुआ. ज्याने हे आमच्या ताब्यात दिले त्या अल्लाहची स्तुती, असा त्या भागाचा आशय. बादशहा दीनदार होता, कुरआन पाठ होता, नाव सुचायला वेळ लागला नसेल. मात्र त्या दुआचा पुढचा भाग असा आहे की आमच्या स्वतःच्या बळावर हे ताब्यात येणारे नव्हते, आणि शेवटी आम्ही परत त्याच्याकडेच जाणार आहोत. नावात पहिलाच भाग आला. पुढचा भाग परतीच्या वाटेवर आला.

10 जूनला फौज पन्हाळ्याकडे निघाली. गवानसारखे थांबायचे नाही असे ठरलेले. पाऊस लागला. ओढे फुगले. तंबू भिजून इतके जड झाले की हत्तींनाही ते उचलेनात, उंट चिखलात बसले ते उठलेच नाहीत. दरबारी मंडळी पायी चिखल तुडवत चालली. धान्य रुपयाला शेर झाले. एकेक ओढा उतरायला दिवसच्या दिवस जात, आणि जे मागे राहिले ते मागेच राहिले. 17 जुलैला लष्कर पन्हाळ्याजवळ पोचले. अंतर सुमारे 30 मैल. लागलेले दिवस 38.

हीच वाट, हाच पाऊस, फक्त दिशा उलटी. 12 जुलै 1660 च्या रात्री शिवाजी महाराज सुमारे सहाशे माणसे घेऊन पन्हाळ्यावरून निघाले आणि दुसऱ्या दिवशी विशाळगडावर पोचले. मध्ये घोडखिंडीत बाजीप्रभू आणि त्यांचे साथी पडले. दरवर्षी जुलैत हजारो मुले-मुली ही वाट पायी चालतात, त्यांत आमचे माजी विद्यार्थीही असतात. सहाशे माणसांना एक रात्र आणि एक दिवस, जगातल्या सर्वांत श्रीमंत फौजांपैकी एका फौजेला 38 दिवस. मुघल फौज भित्री होती असा याचा अर्थ नाही. ती मोठी होती, आणि मोठेपण त्या ओढ्यांत ओझे झाले.

पुढची दोन-तीन वर्षे हेच चालले. 1703 मध्ये सिंहगड पैसे देऊन, 1704 मध्ये राजगड, तोरणा. इकडे एक किल्ला घ्यावा तर तिकडे मराठ्यांची घोडी माळवा, गुजरात, खानदेशात चौथ वसूल करताहेत. घेतलेले किल्लेही एकामागून एक परत जाऊ लागले. भीमसेन सक्सेना नावाचा बुऱ्हाणपूरचा कायस्थ मुघल फौजेबरोबर दख्खनेत फिरत होता. त्याने फारसीत आपल्या आठवणी लिहून ठेवल्या आहेत. किल्ल्यांच्या या नादाने शिपाई आणि रयत दोघेही कसे हैराण झाले, हे तो बादशहाच्याच चाकरीत असून स्पष्ट लिहितो. इटलीचा मनुची तर दरवर्षी लाखभर माणसे मेली असे म्हणतो. मनुचीला फुगवून सांगायची खोड होती, तरी निम्मे धरले तरी पुरे.

मग बादशहा थांबला का नाही? लोक म्हणतात हट्टी होता. होताच. पण मला त्याहून खोल कारण दिसते. ही सत्ता उभीच होती मनसबदारीवर. सरदाराला मनसब द्यायची, तिच्या पगारापोटी जहागीर द्यायची, त्याने फौज सांभाळायची. विजापूर, गोवळकोंडा जिंकले तेव्हा तिथल्या सरदारांनाही मनसबी द्याव्या लागल्या. मराठे फोडले त्यांनाही द्याव्या लागल्या. अलीगढचे इतिहासकार एम. अथर अली यांनी एक हजार जात आणि त्यावरच्या मनसबदारांची यादीच केली आहे. 1658 ते 1678 मध्ये असे 486 होते, त्यांत 27 मराठे. 1679 ते 1707 मध्ये 575, त्यांत 96 मराठे. मागणारे वाढले, आणि नव्या मुलखातून वसूल मात्र होईना, कारण तो लढाईने उजाड झालेला. उर्दूत आम्ही मुलांना म्हण शिकवतो, एक अनार सौ बीमार. डाळिंब एकच, आजारी शंभर. ज्याला जहागीर मिळाली त्याला ती किती दिवस टिकेल याची खात्री नाही, म्हणून तो रयतेला पिळून घेणार. रयत गाव सोडून पळणार. शिपायांचे पगार तीन-तीन वर्षे थकलेले. बंगालमध्ये 1700 पासून दिवाण असलेला मुर्शिद कुली खान दरवर्षी कोटभर रुपये पाठवत होता, त्यावर दख्खनची छावणी जगत होती. म्हणजे गंगेच्या गाळाचा पैसा आमच्या घाटातल्या चिखलात.

इब्न खल्दूनने हे सगळे 1377 मध्येच लिहून ठेवले होते, तेव्हा मुघल कुठे होते! ट्युनिसमध्ये जन्मलेला हा आलिम ‘मुकद्दमा’मध्ये सांगतो की राज्य सुरू होते तेव्हा कर कमी असतो आणि वसूल जास्त येतो, आणि राज्य संपत येते तेव्हा कर जास्त असतो आणि वसूल कमी येतो. दुसरे तो सांगतो की प्रत्येक सत्तेच्या विस्ताराला एक हद्द असते. पाण्यात खडा टाकल्यावर वर्तुळे जशी लांब जाऊन विरतात, तशी सत्ता केंद्रापासून लांब जाता जाता विरळ होत जाते. खेळणा हे मुघल वर्तुळाचे ते शेवटचे काठ. मदरशांत, शाळांत आपण मुलांना तारखा पाठ करायला लावतो, इब्न खल्दून मात्र कुठे शिकवत नाही. याचे मला नेहमी वाईट वाटते.

औरंगजेबाच्या साधेपणाचे किस्से आपल्याकडे फार सांगतात. टोप्या शिवून आलेले चार रुपये दोन आणे कफनासाठी ठेवले, कुरआन नकलून मिळालेले तीनशे पाच रुपये गरिबांना वाटायला सांगितले, असे त्याच्या वसियतनाम्यात असल्याचे सांगतात. खुलताबादची कबर आजही साधी आहे. मी हे नाकारत नाही. पण माझे म्हणणे असे की राजाच्या घरखर्चातली काटकसर राज्याच्या कामाला येत नाही, जर तोच राजा दुसऱ्या हाताने दोन लाखांचा किल्ला विकत घेऊन परत येताना फौज बुडवत असेल.

आणि इथे एक गोष्ट बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. कोल्हापूर जिल्ह्यात आज औरंगजेबाचे नाव निघाले की मुसलमान मुलाकडे मान वळते. जुलै 2024 मध्ये गडाच्या पायथ्याला गजापुरात काय झाले ते इथल्या वाचकांना सांगायची गरज नाही. आमच्यातही काहीजण उलट्या चालीने ‘आपण राज्य केले’ म्हणून छाती फुगवतात. मी दोघांनाही विचारते, आपण म्हणजे कोण? या तालुक्यातली मुसलमान घरे मुलाणी, आत्तार, पिंजारी, तांबोळी, मुजावर अशी आहेत. गावगाड्यातली. 1702 च्या जुलैत ज्या ओढ्यांनी माणसे नेली त्यांत भिश्ती होते, नालबंद होते, बैलांचे तांडे हाकणारे होते, राजपूत होते, बुंदेले होते, मुघलांच्या चाकरीतले मराठेही होते. त्यांचा धर्म कोणी मोजला नाही, नावेही लिहिली नाहीत. त्या फौजेसाठी ज्यांच्या गोठ्यातून बैल आणि कणगीतून भात नेला गेला ते आमच्या-तुमच्या सगळ्यांचे खापरपणजोबा. महासत्तेच्या विजयाची पावती रयतेच्या नावावर फाटते, आणि ती फाडताना कोणी जात-धर्म पाहत नाही.

बादशहा 1707 मध्ये अहमदनगरला वारला. त्याच वर्षी तिकडे इंग्लंड आणि स्कॉटलंड एक होऊन ग्रेट ब्रिटन झाले. योगायोगच, पण फरक बघण्यासारखा आहे. 1694 मध्ये इंग्लंडच्या राजाला फ्रान्सशी लढायला पैसे हवे होते. व्यापाऱ्यांनी बँक ऑफ इंग्लंड काढून त्याला बारा लाख पौंड कर्ज दिले आणि व्याज पार्लमेंटने मंजूर केलेल्या करातून मिळू लागले. मुघल बादशहाला त्याच्याहून कितीतरी श्रीमंत असून असे कर्ज काढता येत नव्हते. त्याच्याकडे पेट्यांतला खजिना होता. पेटी रिकामी झाली की संपले.

या दुसऱ्या महासत्तेलाही विशाळगडाने पाहिले. 1844 मध्ये गडकऱ्यांच्या जमिनींवर घाला आला म्हणून कोल्हापूर संस्थानात बंड झाले. इंग्रजांनी पन्हाळा तोफांनी फोडला, विशाळगडाची तटबंदी पाडून टाकली आणि पंत प्रतिनिधींच्या जहागिरीचे ठाणे मलकापूरला आले. मुघलांनी जो किल्ला विकत घेतला तो इंग्रजांनी निकामीच केला. हुशार हिशेब. संस्थान राजाच्याच नावाने ठेवले, एक पोलिटिकल एजंट बसवला, खर्च कमी. तरी शंभर वर्षांत तेही गेले. दुसरे महायुद्ध संपले तेव्हा ब्रिटनवर खुद्द हिंदुस्थानचेच शंभर कोटी पौंडांहून जास्त देणे झाले होते. आणि 1956 मध्ये सुएझचा कालवा घ्यायला ब्रिटन गेले, लढाई जिंकत होते, तेव्हा अमेरिकेने पौंडाला आधार द्यायचे नाकारले आणि फौज मागे घ्यावी लागली. कर्ज काढता येणे हे बळ होते, तेच शेवटी दोरी झाले, आणि दोरीचे टोक दुसऱ्याच्या हातात गेले.

म्हणून अमेरिकेबद्दल मी ‘संपली’ही म्हणत नाही आणि ‘शंभर वर्षे’ही म्हणत नाही. जगाच्या उत्पन्नात तिचा वाटा आज साधारण चौथा हिस्सा आहे, 1700 मधल्या हिंदुस्थानाएवढाच. 2024 मध्ये जगाने लष्करावर जेवढा खर्च केला त्यातला एकतृतीयांशाहून जास्त तिचा एकटीचा. जगभरच्या मध्यवर्ती बँकांच्या गंगाजळीत निम्म्याहून जास्त अजून डॉलरच आहे, जरी पंचवीस वर्षांपूर्वी तो 70 टक्क्यांच्या आसपास होता. शिवाय तिच्याकडे जे आहे ते मुघलांकडे नव्हते. ती आपल्याच चलनात कर्ज घेते. जगभरची हुशार मुले तिच्या विद्यापीठांत जातात, त्यांत कोल्हापूरची मुलेही आली. ती दारे ती स्वतःच बंद करू लागली तर गोष्ट वेगळी, आणि हल्ली तसे दिसते आहे. एक आकडा मात्र मला थांबवतो. 2024 च्या आर्थिक वर्षात अमेरिकेने कर्जावर भरलेले व्याज तिच्या संरक्षण खर्चाच्या पुढे गेले. थकलेल्या पगारांची ती आजची आवृत्ती म्हणता येईल.

आणि तिचे खेळणे? ते अफगाणिस्तान होते. 2001 ते 2021, वीस वर्षे. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाच्या अभ्यासकांनी त्या युद्धाचा खर्च सुमारे 2.3 लाख कोटी डॉलर काढला आहे. प्रत्येक मोठी लढाई अमेरिकाच जिंकत होती. मेलेल्यांत बहुतेक अफगाणच होते, दोन्ही बाजूंचे, आणि बरेचसे कोणत्याच बाजूचे नसलेले. जुलै 2021 मध्ये एका रात्री अमेरिकन फौज बगरामचा विमानतळ सोडून निघून गेली. तिथल्या अफगाण सेनापतीला सकाळी कळले. चार वर्षांनी, सप्टेंबर 2025 मध्ये, अमेरिकेचे अध्यक्ष बगराम परत द्या म्हणून मागू लागले.